अदृश्य किरणांचा राखणदार

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यामुळे या भागातील कोरड्या माळांवर उसाचे मळे उभे राहिले. तोडणीच्या दिवसांत गाडीवरून पडून कोणाचा हात मोडतो; कोणी जुनाट खोकल्याने बेजार होतो. अशा रुग्णाला त्याचे आप्तजन तालुक्याच्या गावी रुग्णालयात आणतात. डॉक्टर त्याला तपासतात आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने छायाचित्र काढण्यास सांगतात. ज्या खोलीत हे काम चालते तिच्या भिंती जाड असतात आणि दारावर धोक्याची खूण असते. यंत्र चालविणारा तंत्रज्ञ रुग्णाला नीट उभे करतो, त्याला क्षणभर श्वास रोखून धरण्यास सांगतो आणि स्वतः आडोशामागे जाऊन कळ दाबतो.

या तंत्रज्ञाच्या सदऱ्यावर छातीपाशी एक लहानसा बिल्ला लावलेला असतो. शिपायाचा किंवा हमालाचा बिल्ला त्याचा हुद्दा सांगतो. या बिल्ल्याचे काम निराळे आहे. तो धारण करणाऱ्याच्या शरीरावर किती किरण पडले, याचा हिशेब तो मुकाट्याने ठेवीत असतो. हिशेबाची ही पद्धत आपल्या देशात ज्यांच्या नेतृत्वाखाली रुजली, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा होत. भारतात अणुशक्तीचा पाया घालणारे म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ती शक्ती हाताळणाऱ्या माणसाच्या जिवाची त्यांनी वाहिलेली काळजी मात्र तितकी प्रसिद्ध नाही.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा हे बॅरिस्टर होते. आजोबा हुर्मसजी हे म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख अधिकारी होते. त्यांचेच नाव नातवास मिळाले. बालपणी होमींना झोप फार थोडी येई. चिंतातुर आईवडिलांनी त्यांना डॉक्टरांना दाखविले, तेव्हा मुलाला कोणताही रोग नसून त्याचा मेंदूच अतिशय तल्लख आहे, असा निर्वाळा मिळाला, असे सांगतात. घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या. चित्रकलेचा नाद होमींना याच वयात लागला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

होमींची आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटा यांची पत्नी. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने तिचा अंत झाला. पुढल्याच वर्षी दोराबजीही निवर्तले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून मुंबईत परळ येथे कर्करोगावरील टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. कर्करोगाची गाठ जाळण्यासाठी रेडियमचे व क्ष-किरणांचे उपचार तेथे होऊ लागले. हे सांगण्याचे कारण असे की, ज्या किरणांनी कर्करोग बरा करता येतो, तेच किरण बेसुमार पडले तर निरोगी माणसाला रक्ताचा कर्करोग जडू शकतो. एकाच किरणांची ही दोन रूपे आहेत. हे रुग्णालय पुढे होमींच्याच देखरेखीखाली यायचे होते. पण १९३१ साली त्याची कल्पना कोणास असणार? त्या वेळी ते इंग्लंडात विद्यार्जन करीत होते.

१९२७ साली ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले होते. त्यांनी यंत्रविद्येची पदवी घेऊन जमशेटपूरच्या पोलादाच्या कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमींचे मन मात्र गणिताकडे आणि पदार्थविज्ञानाकडे ओढ घेत होते. वडिलांनी तोड काढली: यंत्रविद्येची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यास पुढे मनाजोगे शिकण्यास मुभा मिळेल. १९३० मध्ये होमींनी ती अट पुरी केली. वडिलांनीही शब्द पाळला.

केंब्रिजमध्ये ते दिवस मोठ्या धामधुमीचे होते. रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत १९३२ साली न्यूट्रॉनचा शोध लागला. होमींनी स्वतःसाठी विषय निवडला तो विश्वकिरणांचा. हे किरण अवकाशातून पृथ्वीवर अहोरात्र येत असतात. मुंबईवर येतात तसेच इंदापूरच्या शिवारावरही येतात; आपल्याला त्यांची जाणीव होत नाही, एवढेच. असा एखादा प्रबळ कण हवेत शिरला म्हणजे काय घडते? तो वाटेतल्या अणूंवर आदळतो, त्यातून प्रखर किरण निघतात, त्या किरणांतून नवे कण जन्मतात, आणि एकाचे दोन, दोहोंचे चार होत अखेर कणांचा पाऊसच खाली कोसळतो. भाभा आणि हाइटलर या दोघा शास्त्रज्ञांनी १९३७ साली या वर्षावाचे गणित मांडले आणि भाभांचे नाव जगभर झाले. किरण पदार्थातून जाताना काय करतात, शिशाच्या पत्र्यात ते किती अडतात, हा त्यांच्या अभ्यासाचाच गाभा होता. पुढे किरणांपासून माणसाचे रक्षण करण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आला तेव्हा तो त्यांना परका वाटला नाही.

हा प्रश्न किती गंभीर होता, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. रंटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधून काढले. जिवंत माणसाची हाडे दिसू लागली, शरीरात रुतलेली बंदुकीची गोळी दिसू लागली. लोक आश्चर्याने थक्क झाले आणि उत्साहाच्या भरात सावधपणा विसरले. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी कित्येक जण स्वतःचाच हात रोज किरणांपुढे धरीत. किरणांचा स्पर्श जाणवत नाही, त्यांना वास नाही, रंग नाही. विस्तवाचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो. येथे चटका बसल्याचे कळते ते पुष्कळ दिवसांनी, कधी पुष्कळ वर्षांनी. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली याचे हात असेच करपून गेले, ते कापून टाकावे लागले, आणि १९०४ साली तो मरण पावला. धास्तावलेल्या एडिसनने क्ष-किरणांचे प्रयोग सोडून दिले. रेडियमचा शोध लावणाऱ्या मेरी क्यूरी १९३४ साली रक्ताच्या विकाराने गेल्या. त्यांच्या टिपणवह्या आजही किरणोत्सारी असल्याने शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. जर्मनीतील हॅम्बर्ग शहरात १९३६ साली एक स्मारकस्तंभ उभारण्यात आला. क्ष-किरणांच्या व रेडियमच्या कामात प्राण गमावलेल्या अनेक देशांतील दीडशेहून अधिक डॉक्टरांची, शास्त्रज्ञांची व परिचारिकांची नावे त्यावर कोरली होती. ही माणसे रणांगणावर पडली नव्हती. दुसऱ्यांचे दुखणे शोधता शोधता ती गेली.

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले असता युरोपात महायुद्ध पेटले आणि त्यांचे परत जाणे राहून गेले. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी काम सुरू केले. तेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा सहवास लाभला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतणे त्यांना अवघड नव्हते. परंतु आपल्या देशातच उच्च दर्जाची संस्था उभी करावी, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्तांना पत्र लिहिले आणि त्यातूनच १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. देश स्वतंत्र झाल्यावर ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग नेमण्यात आला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ साली मुंबईजवळ तुर्भे येथे, म्हणजेच ट्रॉम्बेला, अणुशक्तीच्या संशोधनाचे मोठे केंद्र उभारण्यास प्रारंभ झाला. एका बाजूस समुद्राची खाडी आणि दुसऱ्या बाजूस डोंगर असलेली ही जागा भाभांच्या मनास आली.

त्या काळी भारतात क्ष-किरण यंत्रे पुष्कळ रुग्णालयांत पोचली होती. ती चालविणारी माणसे किती किरण अंगावर घेत आहेत, हे जाणण्याचा मार्ग मात्र सामान्य रुग्णालयापाशी नव्हता. बोटांची कातडी कोरडी पडून भेगाळली, नखे ठिसूळ झाली, म्हणजे धोका ध्यानात यायचा. पण तोवर फार उशीर झालेला असे. भाभांच्या हाताखालील शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी या कामास हात घातला. त्यांनी योजिलेले साधन अगदी साधे होते. प्रकाश शिरणार नाही अशा कागदात छायाचित्राच्या फिल्मचा लहानसा तुकडा गुंडाळायचा, तो एका चपट्या डबीत बसवायचा, डबीत निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या ठेवायच्या आणि ती डबी छातीवर लावायची. क्ष-किरण कागदातून आरपार जातात आणि फिल्म काळी पडते. जितके किरण अधिक, तितका काळेपणा अधिक. धातूच्या पट्टीखालचा भाग किती काळवंडला आणि उघडा भाग किती, हे ताडून पाहिले की किरण कमी जोराचे होते की अधिक, हेही कळते. ठरावीक मुदतीने हे बिल्ले टपालाने मुंबईस येत, तेथे फिल्म धुऊन तिचा काळेपणा मोजला जाई आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढे आकडा मांडला जाई. एखाद्याचा आकडा प्रमाणाबाहेर गेला तर त्याचे कारण शोधले जाई.

या पद्धतीत एक उणीव आहे, ती लपविण्याचे कारण नाही. बिल्ला किरणांना अडवीत नाही. तो ढाल नव्हे. तो केवळ वहीत नोंद करणारा मुनीम आहे. खरे रक्षण होते ते तीन गोष्टींनी: किरणांत कमीत कमी वेळ थांबावे, उगमापासून लांब राहावे आणि मध्ये जड पदार्थाचा आडोसा घ्यावा. अंतराचा गुण तर मोठा विलक्षण आहे. उगमापासून एका मीटरवर उभा असलेला माणूस दोन मीटरवर गेला, तर त्याच्यावर पडणारे किरण निम्मे होत नाहीत, ते चौथ्या हिश्श्यावर येतात. तीन मीटरवर गेला तर नवव्या हिश्श्यावर. क्ष-किरणांच्या खोलीतील तंत्रज्ञ कळ दाबताना दूर का जातो, हे यावरून ध्यानात येईल. तो भित्रा असतो म्हणून नव्हे. रुग्णाला छायाचित्र एखाद्या वेळी काढावे लागते. त्याला ते दिवसातून कित्येकदा, वर्षानुवर्षे काढावयाचे असते.

तुर्भे येथील पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. आशिया खंडात सोव्हिएत देशाबाहेरची ही पहिलीच अणुभट्टी होय. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी तिला अप्सरा हे नाव दिले. एका खोल हौदाच्या पाण्यात तिचे इंधन बुडविलेले असे आणि भट्टी चालू असता त्या पाण्यात निळसर प्रकाश चमके. हौदाच्या काठी उभे राहून माणसे तो प्रकाश पाहू शकत, कारण वर असलेले पाणीच ढालीचे काम करी. प्रलयंकर शक्ती खाली आणि तिच्यावर नुसते स्वच्छ पाणी! पाहणाऱ्याला ते नवल वाटे. कालव्याचे पाणी बांधात असते तोवर पीक पोसते, आणि बांध फुटला की तेच पाणी रान खरवडून नेते, हे बारामतीच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. भाभांना बांधाचे महत्त्व पटले होते. केंद्रात किरणांपासून आरोग्याचे रक्षण करणारा स्वतंत्र विभाग त्यांनी निर्माण केला. डॉ. अनिलकुमार गांगुली या कुशल रसायनशास्त्रज्ञाने तो विभाग नावारूपास आणला.

२७ फेब्रुवारी १९६० रोजी भाभांनी एक लेखी आदेश काढला. केंद्रातील किरणोत्सारी पदार्थ आणि किरणांची साधने अशा रीतीने हाताळली जावीत की, तेथील कामगारांना किंवा अन्य कोणासही अपाय होऊ नये, असे त्यात बजावले होते. एवढे सांगून ते थांबले नाहीत. हे काम इतके आदर्श व्हावे की देशातील इतर संस्थांना त्याचा कित्ता गिरविण्यास सांगता यावे, असेही त्यांनी नमूद केले. आदेशाचा हा दुसरा भाग विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. किरणांचा उपयोग केवळ तुर्भे येथे होणार नव्हता; तो गावोगावच्या रुग्णालयांत व्हायचा होता. मोठ्या केंद्रानेच हयगय केली, तर तालुक्याच्या लहान दवाखान्यास शिस्त कोणत्या तोंडाने शिकवावी?

१९६२ साली संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा केला. किरणोत्सारी द्रव्ये आणि किरण निर्माण करणारी यंत्रे जेथे वापरली जातात, तेथील सुरक्षेसाठी नियम करण्याचा अधिकार त्याने सरकारला मिळाला. त्याच वर्षी टाटा स्मारक रुग्णालयाची व्यवस्था अणुऊर्जा खात्याकडे आली. आत्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी तिच्या स्मरणार्थ उभे राहिलेले रुग्णालय अशा रीतीने भाच्याच्या खात्याशी जोडले गेले. याच रुग्णालयातील ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी, किरणांच्या परिणामांचा विचार करण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९५५ साली नेमलेल्या समितीवर भारताचे प्रतिनिधित्व केले. रुग्णालयांत किरणांची मोजमापे करणारे तज्ज्ञ तयार व्हावेत म्हणून १९६२ मध्येच तुर्भे येथे एक वर्षाचा शिक्षणक्रम सुरू झाला. पुढील वर्षी परळ येथे किरणोत्सारी द्रव्यांनी रोगनिदान व उपचार करणारे केंद्र निघाले. तेथील पद्धत क्ष-किरणांहून उलटी आहे. क्ष-किरण बाहेरून येऊन शरीरातून जातात. येथे रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन अत्यल्प प्रमाणात पाजतात. ते गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत जमते आणि तेथून निघणारे किरण बाहेरच्या यंत्राने टिपून ग्रंथीचे चित्र तयार होते. औषधरूपाने लागणारी अशी द्रव्ये तुर्भे येथील अणुभट्ट्यांत बनू लागली.

एवढा मोठा कारभार सांभाळणारा हा पुरुष रुक्ष मात्र नव्हता. ते अविवाहित राहिले. संगीत, चित्रे आणि झाडे हाच त्यांचा संसार होता. इमारतीच्या आड आलेले झाड तोडण्यापेक्षा ते मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याची खटपट ते करीत. कामातील ढिलाई मात्र त्यांना खपत नसे.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी जात असता त्यांचे विमान आल्प्स पर्वताच्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातील सर्व ११७ माणसे मृत्युमुखी पडली. लालबहादूर शास्त्रींच्या निधनास अवघे तेरा दिवस झाले होते आणि त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. दुःखात दुःखाची भर पडली. भाभांचे वय तेव्हा केवळ ५६ वर्षांचे होते. १९६७ साली तुर्भे येथील केंद्रास भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले.

त्यांनी चालना दिलेले काम थांबले नाही. १९७१ मध्ये किरणांपासून संरक्षणाचे नियम तयार झाले. १९७५ पासून फिल्मच्या जागी नव्या प्रकारचे बिल्ले आले. त्यांतील स्फटिकमय द्रव्य किरणांची शक्ती साठवून ठेवते आणि तापविले असता प्रकाशरूपाने ती परत देते. तो प्रकाश मोजला की हिशेब लागतो. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. क्ष-किरण यंत्र बसविण्यासाठी आता त्याची अनुमती लागते. भिंत विटांची असल्यास ती किती जाड असावी, दारात शिशाचा पत्रा असावा की नाही, हे त्याच्या नियमांप्रमाणे ठरते. किरणांशी काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाकाठी २० मिलिसिव्हर्टहून अधिक किरण मिळता कामा नयेत, अशी मर्यादा आहे. छातीच्या एका साध्या छायाचित्रात रुग्णाला मिळणारे किरण, निसर्गातून काही दिवसांत सहज मिळणाऱ्या किरणांएवढेच असतात. सी. टी. स्कॅनमध्ये ते अनेक पटींनी, कधी शंभर पटींहूनही अधिक असतात. म्हणून डॉक्टर ते विनाकारण करावयास सांगत नाहीत आणि स्त्री गरोदर आहे का, हे आधी विचारून घेतात. मूल लहान असेल तर यंत्राचा जोर कमी केला जातो. त्याला धरून ठेवण्यासाठी आईला किंवा वडिलांना जवळ थांबावे लागले, तर त्यांच्या अंगावर शिशाचा जड एप्रन चढविला जातो.

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या रुग्णालयातील तंत्रज्ञ संध्याकाळी काम संपवून घरी निघतो, तेव्हा तो आपला बिल्ला काढून किरणांपासून दूर, नेमलेल्या जागी टांगून ठेवतो. दर तीन महिन्यांनी सर्वांचे बिल्ले एकत्र बांधून प्रयोगशाळेकडे धाडले जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. काही दिवसांनी कागद येतो. त्यावर प्रत्येकाच्या नावासमोर एक आकडा असतो, आणि बहुतेक वेळा तो अगदी लहान असतो.